तीन दिवसांचं सामान, तीन झाकणांखाली : सागरी कयाक भरण्याची पद्धत

मालवणहून निघायचं, तारकर्ली-देवबाग मागे टाकून कर्ली खाडीचं मुख ओलांडायचं, भोगवे, निवती, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी करत तेरेखोलच्या मुखाशी थांबायचं. सरळ रेषेत हे अंतर साधारण ४५ किलोमीटर आहे आणि सागरी कयाकला, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लांब, निमुळत्या होडीला, त्यासाठी तीन दिवस निवांत पुरतात. हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा हलका असतो, दुपारी वायव्येचा खारा वारा उठतो आणि पाणी खवळायला लागतं. सामान भरण्याचा सगळा विचार या दुपारच्या वाऱ्यापासून सुरू होतो. सकाळी शांत पाण्यात कशीही भरलेली कयाक चालते. चुका दीड वाजता कळतात आणि तेव्हा झाकण उघडता येत नाही.

होडीच्या पोटात काय असतं

पाच मीटरच्या आसपास लांबीच्या सागरी कयाकला साधारणपणे तीन बंद कप्पे असतात. पुढचा कप्पा पायांच्या पुढे, मागचा मोठा कप्पा शेपटाकडे, आणि या दोहोंच्या मधे, बैठकीच्या लगेच मागे, दिवसभर लागणाऱ्या वस्तूंचा छोटा कप्पा. कप्प्यांमधल्या आडव्या भिंतींना बल्कहेड म्हणतात. झाकणांची तोंडं मात्र लहान असतात. पुढचं गोल तोंड सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाचं, मागचं लंबगोल तोंड साधारण ४४ बाय २६ सेंटिमीटर. आत जागा भरपूर, पण शिरायची वाट अरुंद, त्यामुळे ट्रेकिंगच्या सवयीने आणलेली ४० लिटरची एकच मोठी पिशवी इथे निरुपयोगी ठरते. ती दारातच अडते, आणि जोर करून घुसवलीच तर तिच्या आजूबाजूची जागा रिकामी राहते.

पाच, आठ आणि दहा लिटरच्या दहा-बारा ड्राय बॅगा, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशव्या, घ्या. तेरा लिटरच्या वरची एखादीच, तीही मऊ सामानासाठी. नाळेच्या (होडीच्या पुढच्या) आणि शेपटाच्या निमुळत्या टोकांत गोल पिशवी पोचत नाही. तिथे निमुळत्या आकाराची पिशवी किंवा अर्धीच भरलेली पाच लिटरची लांबट पिशवी चालते. तिच्या तोंडाला मीटरभर दोरी बांधून दुसरं टोक झाकणापाशी आणून ठेवा. नाहीतर संध्याकाळी ती काढायला खांद्यापर्यंत हात घालून चाचपडावं लागतं.

ड्राय बॅग नावाप्रमाणे कोरडी राहीलच असं नाही. ती शिंतोडे आणि थोडं साचलेलं पाणी रोखते, बुडवून ठेवण्यासाठी ती बनवलेली नसते. तोंड बंद करताना कडा सपाट जुळवा, किमान तीन, शक्यतो चार घड्या घाला, मग बकल लावा. घडी घालण्याआधी पिशवी छातीशी दाबून हवा काढून टाका, कारण फुगलेली पिशवी जागा खाते आणि उन्हात आणखी फुगते. पिशवी वरपर्यंत ठासून भरली की घड्यांना जागा उरत नाही, आणि पाणी शिरण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच. पांघरूण, रात्रीचे कपडे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग ड्राय बॅगेत. निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक पिशवी हवेने भरून, तोंड गुंडाळून बादलीत दाबा. बुडबुडे आले तर शिवणीवर किंवा भोकावर खूण करून ठेवा.

वजनाचा हिशेब

तीन दिवस, दोन रात्री, एक माणूस. पाणी १० किलो, कोरडा शिधा २ किलो, तंबू २ किलो, चटई आणि पातळ पांघरूण मिळून १ किलो, कपडे दीड किलो, भांडी आणि शेगडी सव्वा किलो, प्रथमोपचार आणि दुरुस्तीची पेटी मिळून सव्वा किलो, बॅटरी, दिवा, चार्जर वगैरे पाऊण ते एक किलो. एकूण सुमारे २० किलो. यातलं निम्मं वजन एकट्या पाण्याचं आहे, म्हणून होडीचा तोल तंबू किंवा शिध्यापेक्षा पाणी ठरवतं.

जड वस्तू होडीच्या मध्याजवळ, तळाला, बल्कहेडला चिकटून ठेवायच्या. टोकांना हलक्या वस्तू. टोकांत वजन ठेवलं तर लाटेवर नाळ वर उचलायला उशीर करते, ती लाटेत शिरते, आणि वळवायला प्रत्येक वेळी जास्त जोर लागतो. डावी-उजवी बाजूही सारखी हवी. दोन किलोचा फरकसुद्धा तासाभराने कमरेला जाणवतो, कारण तुम्ही नकळत एका बाजूला कललेले असता.

पुढे-मागे तोल कसा ठेवायचा हे वाऱ्यावर ठरतं. मालवणहून दक्षिणेला जाताना दुपारचा वायव्य वारा मागून, उजव्या खांद्यावरून येतो. अशा वाऱ्यात कयाकचं शेपूट घसरतं आणि नाळ वाऱ्याकडे, म्हणजे समुद्राकडे वळायला लागते. शेपूट थोडं जड असेल तर ते पाण्यात रुतून राहतं, म्हणून या दिशेच्या प्रवासात मागे दोन-तीन किलो जास्त ठेवा. पण फार मागे भरलं तर नाळ उचलली जाते, वारा तिला ढकलतो आणि होडी वाऱ्याकडे तोंड करायलाच तयार होत नाही. वाऱ्याकडे वळून मागच्या किनाऱ्यावर परतायची गरज पडली तर ही स्थिती धोक्याची आहे. उलट, वेंगुर्ल्याहून मालवणला परत चढायचं असेल तर तोल समसमान ठेवा. भरून झाल्यावर गुडघाभर पाण्यात होडीत बसा आणि सोबत्याला बाजूने, दहा पावलांवरून पाहायला सांगा. डोळ्यांना दिसतं तेच मोजमाप पुरेसं असतं.

पाणी

वल्हवताना कोकणच्या उन्हात माणशी चार लिटर पिण्याला आणि दीड लिटर स्वयंपाकाला धरा. वाटेवर गावं आहेत, त्यामुळे तीन दिवसांचं सगळं पाणी नेण्याची गरज नाही. १० लिटर घेऊन निघा आणि निवती, वेंगुर्ला अशा ठिकाणी भरून घ्या. विहिरीचं पाणी उकळून किंवा गाळणी आणि गोळ्या वापरूनच प्या. पाच लिटरचा कडक कॅन कप्प्यात आडवा बसत नाही आणि अर्धा रिकामा झाला की आतलं पाणी हिंदकळून होडी डुलवतं. दोन-दोन लिटरच्या पाच मऊ पिशव्या घ्या. तीन बैठकीमागच्या कप्प्यात, दोन पुढच्या बल्कहेडला टेकवून. एक फुटली तर दोनच लिटर जातात. प्रत्येक पिशवी तोंड वर करून, तिच्याभोवती कपड्यांची पिशवी खोचून ठेवा, म्हणजे ती सरकणार नाही. पाणी संपत जातं तसा तोल बदलतो, म्हणून दुपारच्या थांब्यावर पुढची एक पिशवी संपली असेल तर मागची एक पुढे हलवा. कोकम आगळाची बाटली वेगळ्या पिशवीत घाला. ती गळली तर डाग निघत नाही.

भरण्याचा क्रम

पहिल्यांदा हे सगळं घराच्या अंगणात करा. पहिल्या वेळी दीड तास लागतो, तिसऱ्या वेळी चाळीस मिनिटं. भरतीचं पाणी तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून हा सराव किनाऱ्यावर करू नका.

किनाऱ्यावर रिकामी होडी पाण्याच्या रेषेपासून सात-आठ मीटरवर आणा आणि तिथेच भरा. रिकाम्या कयाकचं वजन २५ किलोच्या घरात असतं, भरल्यावर ते ४५ च्या पुढे जातं. भरलेली होडी दोघांनी दोन टोकांना धरून उचलली तर पाठ दुखावते आणि प्रसंगी होडीचा मधला भाग तडकतो. चौघे हवेत, आणि दोघांनी होडीखालून पट्टे घालून मधे धरायचं. पिशव्या गाडीतून किनाऱ्यापर्यंत आणायला बाजाराची मोठी जाळीदार थैली वापरा. रिकामी झाली की घडी करून कप्प्यात जाते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढण्याची जागा, मासळीच्या होड्या चढवण्याची वाट, या मोकळ्या ठेवा. विचारलं तर कुणीही जागा दाखवतं.

सुरुवात टोकांपासून. पुढच्या कप्प्यात नाळेकडे आधी पांघरुणाची निमुळती पिशवी, मग चटई, मग कपडे, आणि बल्कहेडला टेकून पाण्याच्या दोन पिशव्या. होडीच्या नाळेवर होकायंत्र बसवलेलं असेल तर त्याच्या जवळ लोखंडी काही ठेवू नका. शेगडी, स्टीलची भांडी, डबाबंद पदार्थ, स्पीकर किंवा चुंबकाच्या झाकणाचं पाकीट यांनी होकायंत्राची सुई सरकते, आणि धुक्याच्या सकाळी ती चूक ध्यानातही येत नाही. ही सगळी मंडळी मागच्या कप्प्यात.

मागच्या कप्प्यात आधी तंबूचे दांडे. ते लांब असल्यामुळे तळाशी, मधोमध, स्केगच्या (होडी सरळ ठेवायला शेपटाखाली सोडायच्या पात्याच्या) पेटीच्या एका बाजूने सरकवा. दुसऱ्या बाजूला तितकंच काही जड. मग तंबूचं कापड दोन वेगळ्या पिशव्यांत : आतला जाळीचा तंबू एका, बाहेरचं आवरण दुसऱ्या. जानेवारीच्या रात्री कोकणात दव इतकं पडतं की सकाळी आवरण निथळत असतं, आणि ते आतल्या तंबूबरोबर गुंडाळलं तर दुसऱ्या रात्री झोपायला ओलं मिळतं. त्यावर भांडी, शेगडी, संध्याकाळचा शिधा. सर्वांत शेवटी, झाकणाच्या लगेच खाली, किनाऱ्याला लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत लागणारं : सावलीची ताडपत्री, चपला, सुका टॉवेल, दुपारचं जेवण.

बैठकीमागच्या छोट्या कप्प्यात पाण्याच्या तीन पिशव्यांवर प्रथमोपचाराची पेटी, दुरुस्तीचं सामान, वाऱ्याचं जॅकेट आणि दिवसाचा खाऊ. हा कप्पा सोबत्याने होडीला होडी लावून धरली तर पाण्यातही उघडता येतो. एकट्याने उघडू नका.

रिकामी जागा उरली तर ती हवा भरलेल्या रिकाम्या पिशवीने भरून टाका. सामान सरकणार नाही, आणि झाकण निघालंच तर तेवढं पाणी कमी शिरेल.

झाकण लावण्याआधी ओल्या बोटाने कडेची खाच पूर्ण फिरून पुसा. वाळूचा एक कण अडकला तरी तिथून दिवसभर थेंब-थेंब पाणी येतं आणि संध्याकाळी तळाला दोन लिटर साचलेलं सापडतं. रबरी झाकण पूर्ण घेर दाबून बसवा आणि मग हाताने परत एकदा फिरवून तपासा. उन्हात तापलेल्या कप्प्यातली हवा थंड पाण्यात होडी उतरली की आकसते आणि झाकण आत ओढलं जातं. उलट ऊन वाढलं की ते फुगतं, कधी सुटतंही. म्हणून बल्कहेडमध्ये एक-दोन मिलिमीटरचं भोक कारखान्यातूनच ठेवलेलं असतं. ते चुकून सील करू नका, आणि ते वाळूने बुजलं नाही ना, हे बघा. झाकणाची दोरी तुटलेली असेल तर नवी बांधा. समुद्रात वाहून गेलेलं झाकण परत मिळत नाही. झाकण गेलंच तर जाड प्लॅस्टिक आणि घट्ट इलॅस्टिक दोरी यांनी तात्पुरतं तोंड बांधता येतं, म्हणून हे दोन्ही दुरुस्तीच्या पिशवीत असू द्या.

डेकवर काय, अंगावर काय

डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या पाठीवर, चार वस्तू पुरतात : पाणी उपसायचा पंप, पॅडल फ्लोट (उलटल्यावर परत चढताना आधाराला वल्ह्याच्या टोकाला लावायचा तरंगणारा फुगा), जादा वल्हं आणि जलरोधक पाकिटातला नकाशा. बाकी सगळं आत. डेकवर बांधलेली पिशवी वारा अडवते, होडी उलटली तर परत चढताना छातीखाली येते, आणि लाटांतून किनाऱ्याला लागताना पहिली तीच जाते. भोगव्यासारख्या ठिकाणी लाट काठावरच जोरात फुटते. तिथे लागण्याआधी पाण्याची बाटली आणि टोपीसुद्धा आत घ्या. सुटी लोंबणारी दोरी ठेवू नका. मच्छीमारांच्या जाळ्याच्या फ्लोटला ती गुंतते.

अंगावरचं लाइफ जॅकेट ही वेगळी होडी समजून भरा. होडी हातातून गेली तर उरतं तेवढंच. खिशात शिट्टी, बोथट टोकाचा चाकू, जलरोधक पाकिटात पूर्ण चार्ज केलेला फोन, छोटा दिवा आणि थोडा खाऊ. पाकिटातल्या ओल्या पडद्यावर बोट नीट चालत नाही, हे घरी करून बघा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक फोनच्या पहिल्या पानावर ठेवा आणि कागदावर लिहून लॅमिनेट करूनही ठेवा.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक महत्त्वाची सूचना. तिकडे सागरी कयाकिंगला नेहमी सोबत असणारा सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे आणि त्यावरून विमानतळावर पर्यटकांना अटकही झाली आहे. तो सामानात आणूच नका. हातात धरायच्या सागरी रेडिओलाही परवाना लागतो. गॅसच्या छोट्या डब्या विमानात किंवा रेल्वेत नेता येत नाहीत. त्या इथल्या शहरातून घेऊन रस्त्याने न्याव्या लागतात.

शिधा

एका जेवणासाठी माणशी १२० ते १५० ग्रॅम तांदूळ-मूगडाळ, न्याहारीला ८० ते १०० ग्रॅम पोहे. घरीच प्रत्येक जेवणाची वेगळी पिशवी करा : खिचडीत तांदूळ, डाळ, मीठ, हळद, जिरं, भाजलेला मसाला सगळं एकत्र, वर पाण्याचं माप लिहिलेली चिठ्ठी. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की आणि सातूचं पीठ हे पदार्थ उष्णतेत टिकतात. ओआरएसची पाकिटं माणशी सहा. दिवसाप्रमाणे तीन वेगळ्या रंगांच्या पिशव्या केल्या की शोधाशोध संपते. पुठ्ठ्याचे खोके आणि जादा वेष्टणं घरीच काढून टाका. कचऱ्यासाठी एक रिकामी ड्राय बॅग राखून ठेवा, आणि ती नेहमीच कोरड्या सामानापासून लांब. खाण्याची पिशवी रात्री तंबूबाहेर ठेवू नका. कुत्री, उंदीर आणि पहाटे कावळे ती फाडतात. झाकणाखालचा कप्पा हीच तिची जागा.

किनाऱ्यावर

मुक्कामाआधी ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथले नियम वेगळे. वायंगणी, शिरोडा परिसरात ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात, म्हणून डोक्यावरचा दिवा लाल प्रकाशाचा असावा आणि वाळूत खड्डे उघडे सोडू नयेत.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास इथे भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटर असतो. सपाट पुळणीवर याचा अर्थ पाणी तीस-चाळीस मीटर आत-बाहेर होतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. तो अंदाजापुरता, वेळ तक्त्यावरूनच घ्या. काडीकचऱ्याची सर्वांत वरची रेषा बघा आणि तिच्याही वर होडी उचलून ठेवा. ओढू नका : शेपूट वाळूत घासलं की स्केगच्या पेटीत खडे बसतात आणि सकाळी तो खाली येत नाही. स्केगच्या टोकाला छोटी दोरीची गाठ बांधलेली असेल तर सोबती ती खेचून मोकळा करू शकतो. होडी झाडाला किंवा वाळूत पुरलेल्या पिशवीला बांधा. तंबूलाही खुंट्या धरत नाहीत. रिकाम्या पिशव्या वाळूने भरून दोरी बांधून हातभर खोल पुरा.

दुरुस्ती आणि प्रथमोपचार

फायबरग्लासच्या होडीला तडा गेला तर एम-सीलसारखी इपॉक्सी लुगदी चालते. पॉलिथिलीनच्या प्लॅस्टिक होडीवर ती चिकटतच नाही. तिथे छपराला लावतात ती बिट्युमेनची टेप उपयोगी पडते. दोन्हींसाठी जागा आधी गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावी लागते, म्हणून त्याच पिशवीत एक सुकं फडकं आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवा. शिवाय तीन मीटर बारीक दोरी, स्केगची जादा वायर, इलॅस्टिक दोरी, पकड.

प्रथमोपचारात पोव्हिडोन आयोडीन, चिमटा, मोठ्या पट्ट्या आणि नेहमीची औषधं. इथल्या खडकांवरच्या कालवांनी पाय खोल कापतो, म्हणून पाण्यात उतरताना बूट. पाकट माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवतात, म्हणून किनाऱ्याला लागल्यावर शेगडी चटकन हाती येईल अशीच ठेवलेली बरी. जखम खोल असेल तर लगेच डॉक्टरकडे.

भाड्याची, वर बसायची कयाक

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर भाड्याने मिळते ती बहुतेक वेळा वर बसायची प्लॅस्टिक कयाक. तिला बल्कहेड नसतात. झाकण गळलं तर पाणी पूर्ण पोटात पसरतं आणि होडी एकाएकी कलंडायला लागते. अशा होडीवर मुक्कामाचा प्रवास करू नका. दिवसभराच्या फेरीसाठी दोन पिशव्या मागच्या खोलगट जागेत, चारही कोपऱ्यांना बांधून न्या, आणि पोटात हवा भरलेल्या दोन पिशव्या घाला.

परत आल्यावर सगळ्या पिशव्या उलट्या करून गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. झिपा आणि बकलांत मीठ साचलं तर पुढच्या वेळी ती उघडत नाहीत. झाकणांच्या रबराला सिलिकॉनचा हलका हात लावा, पेट्रोलियम जेली नको, तिने रबर फुगतं. होडी ठेवताना झाकणं काढून ठेवा, नाहीतर ओलाव्याने आतून बुरशी धरते. कमी पडलेल्या आणि न वापरलेल्या वस्तूंची यादी त्याच दिवशी करून दुरुस्तीच्या पिशवीत ठेवा.